शार्कला पळवणारी पट्टी आणि दुसऱ्याच्या चाचणीचा आलेख

पट्ट्या मी दोन घेतल्या. एक माझ्या घोट्याला, दुसरी धाकट्या भावाच्या. मी बरीच वर्षं डायव्हिंग करतोय, तो नुकताच शिकत होता आणि शार्कच्या धास्तीने पाण्यात उतरायला कचरत होता. "ही बांध, काही होणार नाही," असं त्याला मीच सांगितलं. पैसे गेले त्यापेक्षा ते वाक्य जास्त टोचतं.

विक्रेत्याचं बोलणं पटलं, कारण त्यातलं अर्धं खरं होतं. शार्कच्या तोंडाच्या पुढच्या भागावर बारीक छिद्रं असतात. लोरेन्झिनी या इटालियन अभ्यासकाने १६७८ साली त्यांचं वर्णन करून ठेवलंय. छिद्रांमागे जेलीने भरलेल्या नळ्या असतात आणि भक्ष्याच्या अंगातली अगदी क्षीण वीज शार्कला त्यांतून कळते. "आमच्या चुंबकाने ही इंद्रियं गोंधळतात, शार्क मागे फिरतो, शास्त्रीय चाचणीत सिद्ध झालंय," हा दावा आणि शेजारी एक आलेख. मी आलेख पाहिला आणि पैसे भरले. तो नेमका कुठल्या वस्तूचा, हे विचारायचं सुचलंच नाही.

संशय आला होकायंत्रामुळे. पाण्याखाली दिशा पाहायला ते मनगटावर असतं. एकदा पट्टी त्याच हाताला बांधली, तर सुई भरकटली. घोट्याला बांधली की सुई जागच्या जागी. मग या चुंबकाचा जोर पोचतो तरी कुठवर? घरी पट्टी टेबलावर ठेवली आणि होकायंत्र लांब लांब नेत गेलो. वीतभर अंतरावर सुई गरकन फिरली, हातभर अंतरावर जेमतेम हलली, दोन हातांवर ढिम्म. छोट्या चुंबकाचं असंच असतं, अंतर दुप्पट झालं की जोर आठव्या हिश्श्यावर येतो. शार्कचं इंद्रिय म्हणजे होकायंत्र नव्हे, हे मान्य. पण घोट्यावरची पट्टी माझं डोकं आणि हात कसे राखणार होती?

मग आलेखाचा माग काढला. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. जागा दक्षिण ऑस्ट्रेलियातली नेपच्यून बेटं, समोर मोठे पांढरे शार्क. पाच साधनं होती: दोन विजेवर चालणारी, दोन चुंबकाची, एक वासाचं मेण. सर्फबोर्डसारख्या फळीखाली आमिष लावायचं आणि तीच फळी साधनाविनाही पाण्यात सोडायची, म्हणजे तुलना होते. साधन नसताना ९६ टक्के वेळा आमिष गेलं. सगळ्यात चांगलं ठरलेलं साधन लावल्यावर ४० टक्के वेळा. माझ्या विक्रेत्याने दाखवलेला ९६ वरून ४० चा उतार तो हाच! पण ते साधन विजेवर चालणारं होतं. चुंबकाच्या दोन्ही साधनांनी फारसा फरक पडला नव्हता, आणि माझी पट्टी तर त्या पाचांत नव्हतीच. दुसऱ्याची गुणपत्रिका आपल्या नावावर खपवण्याचा हा प्रकार. शिवाय त्या उत्तम साधनापुढेही शार्कने दहातून चार वेळा आमिष नेलं, हे सांगायची तसदी कोणी घेतली नव्हती.

तक्रार केली, तर उत्तर आलं, "तुम्हाला शार्क चावला नाही ना? मग पट्टी काम करतेय." या उत्तराने माझा संताप झाला. शार्कला न डिवचता झालेले चावे जगभरात मिळून वर्षाला साधारण साठ-सत्तर. पायाला दोरा बांधून उतरलो असतो तरी मी चावल्याविना परत आलो असतो. मी त्यांना तीन गोष्टी विचारल्या. चाचणी नेमक्या याच पट्टीची आहे का? कुठल्या जातीच्या शार्कवर केली? पट्टी नसताना शार्क कसे वागले, ते नोंदवलंय का? यावर उत्तर नाही, पैसेही परत नाहीत.

त्याच संध्याकाळी भावाला फोन करून पट्टी काढून टाक म्हणालो. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की मागच्या आठवड्यात तो अंधार पडता पडता, गढूळ पाण्यात, सोबतीला कोणी नसताना उतरला होता.

"एकटा कशाला गेलास?" मी ओरडलोच.

"पट्टी होती ना, दादा."