कॅटरिनावरच्या दोन मालिका : एकच पाहायची असेल तर

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराची दैना करणाऱ्या कॅटरिना वादळाला वीस वर्षं झाली आणि त्यावरच्या माहितीपटांची पुन्हा रीघ लागली. जुन्यांची आठवण निघाली, नवे आले. तेव्हापासून ओळखीतल्या काही जणांनी विचारलं की एवढं सगळं पाहायला वेळ कुणाला आहे, एकच सांग. दोन प्रमुख मालिका मी नीट पाहिल्या आहेत, बाकीच्या अधूनमधून. तेवढ्यावरून जे वाटलं ते लिहितो.

पहिली, स्पाइक ली यांची 'व्हेन द लेव्हीज ब्रोक'. एचबीओवर 2006 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे वादळाला वर्षही पुरं झालेलं नसताना दाखवलेली, चार अंकांची. दुसरी, नॅशनल जिऑग्राफिकची 'हरिकेन कॅटरिना : रेस अगेन्स्ट टाइम'. ती 2025 च्या जुलैची, पाच भागांची. दिग्दर्शन ट्रेसी करी यांचं, निर्मात्यांत रायन कूगलर. वेळेच्या हिशेबाने दोन्ही तुमच्या दोन संध्याकाळी घेतील, त्यामुळे लांबीवरून निवडण्यात अर्थ नाही.

नव्या मालिकेपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांच्या हाती आधी तीच लागेल आणि तिच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. कॅटरिनाच्या बातम्या ज्यांनी तेव्हा तुकड्यातुकड्यांत पाहिल्या, त्यांच्या डोक्यात सगळ्याची सरमिसळ झालेली असते: लोकांनी आसरा घेतलेलं सुपरडोम स्टेडियम आणि कन्व्हेन्शन सेंटर, छपरांवरची माणसं, हेलिकॉप्टरं. काय आधी, काय नंतर, काही कळत नाही. ही मालिका तो गुंता सोडवते. रविवारी 28 ऑगस्टला महापौर रे नेगिन यांचा शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश, सोमवारी पहाटे ब्युरसजवळ वादळ किनाऱ्याला लागणं, त्याच सकाळी कालव्यांच्या भिंती ढासळणं, मग पाण्यात आणि उन्हात काढलेले दिवस, अशी ती दिवसांच्या क्रमाने चालते. ज्यांच्याकडे गाडी नव्हती किंवा महिनाअखेरीस हातात पैसे नव्हते, त्यांनी शहर का सोडलं नाही, हे ती त्या माणसांच्याच तोंडून सांगते. 'जा म्हटलं तर गेले का नाहीत' हा प्रश्न आपल्याकडेही किती सहज विचारला जातो, ते आठवून पाहा.

तिचा सर्वांत जोरकस भाग अफवांवरचा. त्या आठवड्यात वाहिन्यांनी लुटालूट, गोळीबार, सुपरडोममधले खून अशा बातम्यांचा मारा केला होता. त्यांतल्या बहुतेक नंतर निराधार ठरल्या. पण तोवर मदतकार्याचा रोखच बदलला होता. तहानलेल्या माणसांपर्यंत पाणी पोचवायचं, तर त्यांच्यावर बंदुका रोखल्या गेल्या. लेफ्टनंट जनरल रसेल ऑनरे शहरात आले आणि जवानांना बंदुका खाली करा म्हणून सुनावू लागले, तेव्हा कुठे हवा बदलली. वीस वर्षांचं अंतर असल्यामुळे नव्या मालिकेला दूरचित्रवाणीने स्वतः काय केलं हे नीट मांडता येतं. वृत्तवाहिन्यांवर वादळाची बातमी पाहणाऱ्या कुणालाही हा भाग उपयोगी पडेल.

मग माझं अडलं कुठे?

घड्याळाशी. ते मालिकेच्या नावातच आहे. सगळी मांडणी वेळेशी शर्यत म्हणून केलेली. ठोका वाढत जातो, संगीत ताणत जातं, भाग संपतो तो पुढे काय होणार या ओढीवर. पाहायला ती खिळवून ठेवते, मीही खिळलो. पण शर्यत म्हटली की सगळं लक्ष मदत कधी पोचणार याकडे लागतं. बस आल्या का? हेलिकॉप्टर आलं का? तिसऱ्या भागानंतर माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात फक्त बसची वाट पाहतोय. पाणी शहरात आलंच का, हा प्रश्न माझ्यापुरता मागे पडला होता. बोलणारी बाई आपल्या शेजाऱ्याबद्दल सांगतेय आणि खाली संगीत चढत चाललंय, हेही मला पुन्हा पुन्हा खुपलं. तिच्या आवाजाला त्या टेकूची गरज नव्हती. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. या विषयात जमेना.

जमेना, कारण न्यू ऑर्लिन्सला वादळाने बुडवलं नाही. हे वाक्य एकदा नीट पटलं की सगळा इतिहास वेगळा दिसतो. कॅटरिना मेक्सिकोच्या आखातात पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं होतं, पण किनाऱ्याला लागलं तेव्हा तिसऱ्या श्रेणीवर उतरलेलं, आणि त्याचं केंद्र शहराच्या पूर्वेकडून गेलं. शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला तो मुख्यतः पूरबांध आणि कालव्यांच्या भिंती कोसळल्यामुळे. 17 व्या रस्त्याचा कालवा आणि लंडन अ‍ॅव्हेन्यू कालवा, या दोन्हींच्या भिंती पाणी माथ्यावरून वाहायच्या आधीच गेल्या. मातीच्या बंधाऱ्यात पोलादी पत्रे ठोकायचे, त्यांवर काँक्रीटची पातळ भिंत उभी करायची, अशी ती रचना. पाण्याचा दाब वाढला तशी भिंत मागे कलली, भिंत आणि माती यांच्यात फट पडली, फटीत पाणी शिरलं आणि पायाखालची मऊ माती सरकली. लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीत इंडस्ट्रियल कालव्याची भिंत फुटली, तिथे पाण्याच्या लोंढ्याने घरं पायापासून उचलून नेली. बांध बांधण्याची जबाबदारी अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाची होती आणि 2006 च्या जूनमध्ये आलेल्या त्यांच्याच तपास अहवालात या उणिवांची कबुली आहे. पुण्यात ज्यांच्या घरी 1961 च्या पानशेतची आठवण अजून काढली जाते, त्यांना पाऊस आणि फुटलेलं धरण यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अशा आपत्तीला घड्याळ लावलं की ती शेवटच्या आठवड्यापासून सुरू होते. खरं तर ती कित्येक वर्षं आधी, आराखड्याच्या टेबलावर सुरू झालेली असते. नव्या मालिकेत बांधांचा विषय येत नाही असं मुळीच नाही, येतो. पण ती पाहून झाल्यावर मी आठवू लागलो तर सुटकेचे प्रसंग लख्ख आठवत होते आणि भिंत का पडली त्याबद्दल फार थोडं हाताला लागलं. दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकेल.

स्पाइक ली यांच्या मालिकेत घाई नाही. निवेदकही नाही. सुमारे शंभर माणसं बोलतात: गल्लीतले रहिवासी, संगीतकार, राजकारणी, अभियंते, इतिहासकार. ती पुन्हा पुन्हा मागे जाते, 1965 च्या बेट्सी वादळाकडे, त्याहून मागे 1927 च्या मिसिसिपी नदीच्या पुराकडे, जेव्हा शहर वाचवण्यासाठी खालच्या अंगाला कार्नार्व्हन इथे बांध सुरुंग लावून फोडला होता. लोअर नाइन्थ वॉर्डमधले अनेक जण ठामपणे म्हणतात की या वेळीही बांध उडवला, आम्ही धमाका ऐकला. मालिका त्यांना बोलू देते, वेड्यात काढत नाही, आणि लगेच 1927 ची हकीकत सांगते. तपासात स्फोटाचा पुरावा मिळालेला नाही, हे तुम्ही मनाशी धरून पाहा. पण माणसं असं का मानतात, हे कळायला तो भाग हवाच. काही समीक्षकांना त्याला दिलेला वेळ जास्त वाटला आणि त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही.

मला पक्कं ठरवायला लावलं ते टेरेन्स ब्लँचर्ड यांच्या प्रसंगाने. मालिकेचं संगीत त्यांचं. ते स्वतः न्यू ऑर्लिन्सचे, ट्रम्पेट वाजवणारे. ते आपल्या आईला तिचं घर पाहायला घेऊन जातात. पाणी ओसरलेलं, आत चिखल वाळलेला, सामान उलथंपालथं. आई आत पाऊल टाकते आणि तिला रडू आवरत नाही. मुलगा तिला धरून उभा राहतो. कॅमेरा हलत नाही, कुणी प्रश्न विचारत नाही. पुढे काय होणार याची ओढ तिथे नसतेच, जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. सबंध मालिकेला संगीत देणारा माणूस स्वतः त्या घराचा मुलगा आहे हे कळल्यावर आधी ऐकलेले त्याचे सूरही मला वेगळे वाटू लागले. संगीत दोन्ही मालिकांत आहे. एकीत ते मला पुढे ढकलत होतं, दुसरीत थांबायला लावत होतं.

असाच दुसरा प्रसंग कन्व्हेन्शन सेंटरचा. तिथे एका माणसाची म्हातारी आई मदतीची वाट पाहत चाकांच्या खुर्चीतच गेली. बस आल्या तेव्हा त्याला तिचा देह तिथेच ठेवून बसमध्ये चढावं लागलं. तो हे सांगतो तेव्हा आवाज चढवत नाही. बस येणं म्हणजे सुटका, हे समीकरण माझ्यापुरतं तिथेच मोडलं. ज्या क्षणाची नवी मालिका पाहताना मी वाट पाहत होतो, तोच क्षण या माणसाला सर्वांत जड गेलेला.

2006 च्या मालिकेच्या अडचणीही सांगायला हव्यात. ती पसरट आहे. पहिल्या दोन अंकांत एकच गोष्ट तीन-तीन तोंडांनी ऐकू येते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश, फेमा या केंद्रीय आपत्ती-यंत्रणेचे मायकल ब्राउन, लुइझियाना राज्याच्या गव्हर्नर ब्लँको ही नावं माहीत नसतील तर काही ठिकाणी कोण कुणाला का बोलतंय ते कळायला वेळ लागतो. आणि अर्थातच 2006 नंतरचं तिच्यात काही नाही. मृतांचा आकडाच घ्या. बरीच वर्षं 1833 सांगितला जायचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने 2023 मध्ये तो सुधारून 1392 केला. पुढे अभियंता दलावर खटले चालले. एका न्यायाधीशाने 2008 मध्ये स्पष्ट लिहिलं की दलाने काम नीट केलं नाही, पण पूरनियंत्रणाच्या 1928 च्या कायद्याचं संरक्षण असल्याने त्याला जबाबदार धरता येत नाही. शहराची लोकसंख्या 2000 च्या जनगणनेत सुमारे 4 लाख 85 हजार होती, 2010 मध्ये 3 लाख 44 हजारांवर आली. हे सगळं तुम्हाला दुसरीकडून घ्यावं लागेल.

एक तक्रार दोन्हींबद्दल. शेजारच्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्याला मात्र खरोखरच वादळाने झोडपलं. पास क्रिश्चनला समुद्राचं पाणी साडेआठ मीटरच्या आसपास चढलं होतं, वेव्हलँड तर जवळजवळ पुसलंच गेलं. दूरचित्रवाणीने तिकडे तेव्हाही पाठ फिरवली आणि माहितीपटांनी नंतरही फारसं लक्ष दिलं नाही.

नेटफ्लिक्सची 'कॅटरिना : कम हेल अँड हाय वॉटर' ही तीन भागांची मालिका 2025 च्या ऑगस्टमध्ये आली. पहिला भाग गीता गंदभीर यांचा, दुसरा समांथा नोल्स यांचा, तिसरा स्पाइक ली यांचा. गंदभीर 2006 च्या मालिकेच्या संकलकांपैकी एक होत्या, म्हणजे हे साहित्य त्यांनी वीस वर्षांपूर्वी हाताळलेलं. मला ती जुनीला जोड म्हणून आवडली, तिची जागा घेईलशी नाही. 'ट्रबल द वॉटर' (2008) छोटा आहे आणि वेगळाच. नाइन्थ वॉर्डमधल्या किंबर्ली रिव्हर्स रॉबर्ट्स यांनी घरात अडकलेले असताना हातातल्या साध्या कॅमेऱ्यावर पाणी चढताना टिपलं, त्याभोवती तो उभा आहे. ज्यांच्याकडे दीड तासच आहे त्यांनी सरळ तोच पाहावा.

घरात शाळकरी मुलं असतील, त्यांना घटनाक्रम समजावा असं वाटत असेल, किंवा कॅटरिनाबद्दल पाटी कोरी असेल, तर नॅशनल जिऑग्राफिकची मालिका घ्या, फसवणूक होणार नाही. दिवसभराच्या कामानंतर संथ काही झेपत नसेल तरीही तीच. पण घटना ढोबळ माहीत असेल आणि एवढ्या श्रीमंत देशात एक शहर कित्येक आठवडे पाण्यात का राहिलं हे समजून घ्यायचं असेल, तर माझं मत 2006 च्या मालिकेला. एका बैठकीत संपवायला जाऊ नका. मूळ प्रक्षेपणही दोन रात्रींत विभागलेलं होतं. पहिला अंक लांबला असं वाटलं तरी सोडू नका, कारण परतून आलेल्या माणसांचा भाग उत्तरार्धात आहे. आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून बंद करू नका. तिथे बोललेली माणसं एकेक करून रिकामी चौकट चेहऱ्यापुढे धरतात, आपलं नाव सांगतात आणि आपण कुठले तेही.