जिनिंगचं वीजबिल: आधी सोलर की आधी ऊर्जा ऑडिट?

हिंगणघाट-वणी पट्ट्यात सध्या जो-तो जिनिंगवाला (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखानदार) छतावर सोलर बसवायला निघालाय. वाईट काहीच नाही. 1 किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात, आणि इकडच्या उन्हाला तोटा नाही. पण जिनिंग चालते दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, त्यातही रात्रपाळी. एप्रिल-मेमध्ये पॅनल जोरात आणि जिनिंग बंद! नेट मीटरिंगमध्ये (जादा सौर वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करण्याची सोय) युनिट जमा होतात हे खरं, पण डिमांड चार्ज, म्हणजे युनिटपलीकडे विजेच्या मागणीवर लागणारा आकार, त्यानं हटत नाही. शिवाय रुईची धूळ पॅनलवर बसते ती वेगळीच.

ऊर्जा ऑडिट म्हणजे वीज कुठं वाया जाते याची तपासणी. ऑडिटवाला दाखवायला काही चकचकीत आणत नाही, म्हणून लोक टाळतात. तो क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजणारं यंत्र) घेऊन एकेक मोटर तपासतो. खरी गंमत कापूस ओढणाऱ्या पंख्यात सापडते. डँपर, म्हणजे हवा अडवणारी झडप, अर्धा बंद, मोटर मात्र पूर्ण वेगात. तिथं व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून वेग 20 टक्के कमी केला, तर पंख्याची वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनानुसार बदलते. फाटका डक्ट (हवेची नळी) आणि सैल पट्टा दुरुस्त करायला तर किरकोळ खर्च. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती खरी कामाला लागते ते प्रमाण) हाही मुद्दा आहेच: उच्चदाब ग्राहकांचं बिल आता केव्हीएएचवर, म्हणजे कामाला न लागणारी वीजही धरून, निघतं; म्हणजे पॉवर फॅक्टर सांभाळणारा कपॅसिटर मेला, तर त्याचे पैसे थेट खिशातून.

माझं मत ऑडिटकडे झुकतं. आधी गळती बुजवली की सोलरही लहान लागतं. शेड स्वतःची असेल आणि सोबत बारमाही तेलघाणी चालत असेल, तर मात्र दोन्ही एकाच वर्षी करायला हरकत नाही.