मार्चमध्ये फिनिक्स ते ग्रँड कॅन्यन, भाड्याच्या आरव्हीतून: थंडीत गाडी कशी आहे

आधी गाडीबद्दल सांगते. आरव्ही म्हणजे आतच राहायची सोय असलेली गाडी, आमची २५ फुटी क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती, फोर्ड ई-४५० वर बांधलेली. मार्चच्या सुरुवातीला फिनिक्सहून घेतली, आम्ही दोघं, मुलगी आणि नाशिकहून आलेले आई-बाबा. शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम सगळं आतच, आईला गुडघ्यांमुळे सारखं थांबावं लागतं आणि हायवेवर रेस्टरूम शोधायची तिची काळजीच संपली, मी तर एवढ्यावरच पाचपैकी साडेचार स्टार देते. अर्धा कापला तो पेट्रोलसाठी, गॅलनला ८ ते १० मैल धरूनच बजेट करा.

आता थंडीचं. पहिलीच मोठी ट्रिप असेल आणि तीही हिवाळा सरता सरता, तर मैल नंतर मोजा, आधी उंची बघा. फिनिक्स ११०० फुटांवर, फ्लॅगस्टाफ जवळजवळ ७०००, कॅन्यनचा साउथ रिम म्हणजे दक्षिण कडाही तेवढाच, आणि आय-१७ हायवेने तुम्ही अडीच तासांत फ्लॅगस्टाफला पोचता. हजार फुटांना साधारण साडेतीन डिग्री फॅरनहाइट उतरतात, त्यामुळे दुपारी अर्ध्या बाह्यांत निघालेला माणूस रात्री पाणी गोठेल अशा थंडीत झोपतो, आणि गाडीचे पाइपसुद्धा! म्हणून आम्ही पहिला मुक्काम कॅम्प व्हर्देला केला, ३००० फुटांच्या आसपास. कुठलं बटण कशाचं, हीटर किती वेळाने लागतो, पाणी कसं भरायचं हे सगळं तिथे निवांत कळलं, नवीन माणसाने सरळ वर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

वर साउथ रिमला आम्ही ट्रेलर व्हिलेज या आरव्ही-तळावर राहिलो आणि ही जागा मला मनापासून आवडली. पार्कच्या आतच आहे, वर्षभर चालू, वीज-पाणी-सांडपाणी तिन्ही हुकअप म्हणजे गाडीला लावायच्या जोडण्या, पक्क्या जागा, गाडी एका बाजूने आत घालून दुसऱ्या बाजूने काढायची, रिव्हर्सची भानगड नाही. शेजारचं मेदर कॅम्पग्राउंड स्वस्त आहे, झाडीत आहे, पण तिथे हुकअप नाहीत आणि या दिवसांत तो फरक फार मोठा. फर्नेस, म्हणजे गाडीचा स्वतःचा हीटर, चालतो प्रोपेन गॅसवर पण त्याचा पंखा चालतो बॅटरीवर, थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते, रात्रभर पंखा फिरला की पहाटेपर्यंत ती बसू शकते आणि रात्री शांततेच्या वेळेत जनरेटर लावता येत नाही. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर विजेच्या हुकअपचे पैसे द्याच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे गाडी घेताना सहसा कुणी सांगत नाही. वीज आहे म्हणून लोक छोटा इलेक्ट्रिक हीटर लावतात, १५०० वॉटचा, ३० अँपिअरवर आरामात चालतो, प्रोपेन वाचतो. पण बऱ्याच गाड्यांत फर्नेसची गरम हवा खाली टाक्यांकडेही जाते, हीटरने खोली गरम ठेवली की थर्मोस्टॅट फर्नेस चालूच करत नाही, तुम्ही वर मस्त झोपलेले आणि खाली पाणी गोठतंय. हीटर लावा पण फर्नेस चालू राहील एवढं थर्मोस्टॅट वर ठेवा. संध्याकाळी पाण्याची टाकी भरून घ्या, नळाचा होज काढून रिकामा करून आत ठेवा, रात्री गाडीतल्या पाण्याच्या पंपावर भागवा. सिंकखालची कपाटं उघडी ठेवा म्हणजे पाइपांना ऊब लागते. शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय ना हे गाडी ताब्यात घेतानाच दाबून बघा.

आणि आपल्या लोकांसाठी एक, कुकर. वरण-भाताच्या दोन शिट्ट्या झाल्या की सगळ्या काचा घामेजतात, सकाळी गाद्यांच्या कडा ओल्या, डोक्यावरच्या पलंगाची तर जास्तच. थंडी वाजली तरी छतावरची झडप बोटभर उघडी ठेवायची, बाबांना हे पटायला वेळ लागला.

काउंटरवर हे नक्की विचारा: पाण्याची लाइन चालू करून दिलीय का? बऱ्याच गाड्यांच्या पाइपांत हिवाळ्यात गोठू नये म्हणून गुलाबी अँटिफ्रीझ भरून ठेवलेला असतो, तो नळातून पूर्ण निघेपर्यंत पाणी सोडायला लागतं. जनरेटरचे तासाचे पैसे किती, मैलांची मर्यादा किती तेही विचारा. जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि पाव टाकी उरली की बंद पडतो, त्यामुळे अर्ध्यावर आलं की भरा.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. फ्लॅगस्टाफच्या पट्ट्यात वसंतात जोरदार वारे सुटतात, एवढी उंच गाडी लेनमधून सरकते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं. रस्त्यांची स्थिती सांगणारं ॲरिझोनाचं ५११ ॲप रोज सकाळी बघत होतो, बर्फाची सूचना आली की निघायचंच नाही, त्यासाठी प्लॅनमध्ये एक दिवस मोकळा ठेवलेला.

पोचल्यावर गाडी हलवू नका, पार्कची शटल फुकट आहे. १ मार्चपासून हर्मिट रोडला खासगी गाड्या बंद होतात, शटलनेच जायचं, आई-बाबांना चढ-उतार न करता एकेक पॉइंट बघता आला. नॉर्थ रिम या दिवसांत बंदच असतो, तो रूटमध्ये धरू नका. काहींनी युटामधलं ब्राइस कॅन्यन पण जोडू का विचारलंय, ते ८ ते ९ हजार फुटांवर आहे, माझं ऐकाल तर ते मे अखेरीला वेगळं करा, आम्हीही तेव्हाच जाणार आहोत आणि गाडी हीच घेणार आहोत.