मागास भागाला आयआयटी हवी की सक्षम तंत्रनिकेतने?

मागास भागासाठी आयआयटी मागावी की असलेली तंत्रनिकेतने सुधारून घ्यावीत, या पेचात सापडलेल्यांनी घोषणा बाजूला ठेवून आधी प्रवेशाचा निकष तपासावा. आयआयटीतील बी.टेक.चे प्रवेश जेईई अॅडव्हान्स्ड या प्रवेश परीक्षेच्या देशव्यापी गुणवत्ता यादीनुसार होतात आणि त्यांत स्थानिकांसाठी वेगळ्या जागा नसतात (एनआयटीत, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत, निम्म्या जागा त्याच राज्यातील विद्यार्थ्यांना मिळतात, याचा मागणी करणाऱ्यांना सहसा विसर पडतो). उलट तंत्रनिकेतनात जवळच्या खेड्यातील मुलगी दहावीनंतर एसटीने ये-जा करून पदविका मिळवू शकते.

वेळेचा हिशेबही वेगळा आहे. धारवाडची आयआयटी २०१६ मध्ये सुरू झाली ती तात्पुरत्या आवारात; स्वतःचे आवार उभे राहायला वेळ लागतो. तंत्रनिकेतनात मात्र अध्यापकांची रिक्त पदे भरली आणि कार्यशाळेतील बंद लेथ चालू केले, तरी लवकर फरक दिसू लागतो.

आयआयटी आली की परिसराचा विकास होतो, या समजुतीबाबत सावध राहावे. १९५१ मध्ये पश्चिम बंगालमधील हिजलीच्या जुन्या बंदी छावणीत पहिली आयआयटी उभी राहिली, तेव्हा शेजारच्या खरगपूरला रेल्वेचे जंक्शन आणि कारखाना आधीपासूनच होता. आयआयटीत होणारे संशोधन मात्र तंत्रनिकेतनांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

म्हणून दळणवळण व उद्योग थोडेफार रुजलेल्या, दीर्घकाळ थांबण्याची तयारी असलेल्या भागाने आयआयटी मागावी. स्थानिक तरुणांच्या हाताला लवकर काम हवे असेल, तर तंत्रनिकेतनांवरच खर्च करावा.