आठ महिने वापरल्यावर: हॉटेलचं नवं 'सोपं' सॉफ्टवेअर

कळंगुटजवळच्या ३४ खोल्यांच्या हॉटेलात मी फ्रंट ऑफिस बघतो. गेल्या जूनमध्ये मालकांनी जुनं सॉफ्टवेअर काढून हे क्लाउडवालं बसवलं. नाव घेत नाही, कंपनीशी भांडण अजून चालू आहे.

जुन्यात चेक-इनला २६ रकाने, निम्मे कोणी भरत नसे. नव्यात सहाच. पावसाळ्यात गिऱ्हाईक तुरळक, मी भेटेल त्याला कौतुक सांगत सुटलो. हाउसकीपिंगचं मोबाइल ॲप तर अजूनही झकास: साफ, मळकी, दुरुस्ती, बस्स. पेडण्याच्या मावशी अर्ध्या तासात शिकल्या. २२ सप्टेंबरला साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हाही सकाळी बिलं बरोबर निघाली. जुन्यात एकेक रेट प्लॅन, म्हणजे खोलीच्या दराचा प्रकार, उघडत बसावं लागलं असतं.

हिसका बसला डिसेंबरात. हॉटेलची तारीख रात्री बाराला बदलत नाही, नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, केल्यावर बदलते. जुन्यात ती कोपऱ्यात ठळक दिसायची आणि उशिराचे पाहुणे आले की ऑडिट मी हाताने करायचो. नव्यात सोपेपणाच्या नावाखाली तारीख गायब, ऑडिट रात्री दोनला आपोआप. मोपा विमानतळावरून एक कुटुंब पहाटे तीनला पोचलं. बुकिंग आदल्या तारखेचं, पैसे भरलेले. सॉफ्टवेअरने त्यांना नो-शो, म्हणजे 'आलेच नाहीत' असं, धरून खोली पुन्हा विक्रीला सोडली होती, आणि ती कोणीतरी ऑनलाइन घेतलीही होती! सोफ्यावर दोन पोरं झोपलेली, बाप काउंटरवर. शेवटी मालकांच्या पाहुण्यांसाठी ठेवलेली खोली दिली. सकाळी शिव्या खाल्ल्या, तो भाग वेगळा.

सपोर्टवाला म्हणाला, "सेटिंग आहे ना सर." आहे. ॲडमिन लॉगिनमध्ये, अकराव्या टॅबखाली. रात्रपाळीला ॲडमिन लॉगिन कोणाकडे असतं?

मग ॲडमिन लॉगिन अकाउंटंटला मिळालं. त्याने ऑडिट पहाटे पाचला नेलं, हे बरं केलं. पण जाता जाता हवे तसे रकानेही जोडले. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते, म्हणून पासपोर्ट-व्हिसा सक्तीचे केले, तेही सरसकट सगळ्यांना. राष्ट्रीयत्व बघून रकाना दाखवण्याची सोय नाही. आता चेक-इनला १९ रकाने आहेत. परवा सावंतवाडीच्या एका काकांच्या व्हिसा नंबरात मी आठ शून्यं टाकली, तेव्हा कुठे खोलीची चावी देता आली.