काळी पट्टी मारलेली प्रत की नुसतं निरीक्षण?

पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कलम ५० खाली ईडीपुढे दिलेला जबाब सक्तीचा असतो. समन्स आलं की जावं लागतं आणि खरं सांगणं बंधनकारक असतं. ईडीने तो तक्रारीत (तिच्या आरोपपत्रात) आधाराला घेतला असेल तर आरोपीला प्रत मिळतेच. घोडं अडतं ते आधाराला न घेतलेल्या जबाबांपाशी. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला गुप्ता निकालानंतर (मे २०२५) त्यांची यादी हक्काने मिळते, पण यादीत मजकूर नसतो. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ९४ खाली मजकूर मागितला की गोपनीयतेची हरकत येते आणि दोन मधले मार्ग पुढे येतात: न्यायालयात बसून निरीक्षण, किंवा नावं झाकलेली प्रत.

निरीक्षण सहसा लवकर मंजूर होतं. सरकारी वकील फारसं ताणत नाहीत, आणि मजकूर नावांसकट वाचायला मिळतो. जामिनाच्या युक्तिवादापुरतं बहुधा तेवढं पुरतं. प्रत नको, निरीक्षण पुरे, यासाठी विरोधी बाजू दिलीप प्रकरणाचा (२०१९) दाखला देते; तिथे आरोपीला प्रत न देता निरीक्षणच मिळालं होतं. पण तिथे प्रश्न मेमरी कार्डाचा आणि पीडितेच्या खासगीपणाचा होता. तो निकाल जबाबांना सरसकट लागू देऊ नये.

खरी पंचाईत उलटतपासात होते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ प्रमाणे लेखी जबाबाने विरोधाभास सिद्ध करायचा तर नेमका तो भाग आधी साक्षीदाराच्या निदर्शनास आणावा लागतो. निरीक्षणावेळी काढलेल्या टिपणातून वाक्य वाचलं की समोरून हरकत येते, ‘मूळ जबाबात असं नाही.’ मूळ बंद पाकिटात असतं. ते उघडायला अर्ज, त्यावर म्हणणं, मग आदेश. तोवर साक्षीदार सावरलेला असतो. प्रत हातात असेल तर ओळीवर बोट ठेवता येतं, तिला ‘पोर्शन मार्क ए’ (त्या भागाची खूण) पडतो आणि पुढे जबाब नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडून ती सिद्ध करून घेता येते.

म्हणून आमचा कल प्रतीकडे, अर्थात ती नीट मागितली तर. पानं आणि परिच्छेदांचे क्रमांक मूळचेच राहावेत. एका माणसाला सगळ्या जबाबांत एकच अक्षर असावं, नाहीतर एका जबाबातला ‘क’ दुसऱ्यात ‘ग’ होतो आणि संगती लागत नाही. काय झाकायचं हे ईडीने नव्हे, न्यायाधीशांनी मूळ वाचून ठरवावं. वहीद पारा प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने झाकलेल्या प्रती देण्याचा आदेश कायम ठेवला, पण तिथे यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या, साक्षीदाराची ओळख झाकू देणाऱ्या कलम ४४ चा आधार होता. पीएमएलएत तसं थेट कलम नाही, हे युक्तिवादात आवर्जून सांगावं.

प्रतीतही खोट असतेच. साक्षीदाराचं आरोपीशी नातं किंवा व्यवहार पट्टीखाली गेला तर त्याचा हेतू तपासता येत नाही. तेव्हा अर्जात मुख्य मागणी प्रतीची ठेवावी आणि झाकलेला भाग वकिलाला न्यायालयात दाखवण्याची मागणी तिला जोडून घ्यावी. निरीक्षण एकटंच पर्यायी मागणी म्हणून लिहिलं, तर बहुतेकदा तेवढंच पदरात पडतं.