फायरफॉक्स: अडवतो जास्त, पण कुणी अडवलं तेही सांगतो

पान उघडतं, वरचा मेनू दिसतो आणि मधे नुसती पांढरी जागा. किंवा ‘पेमेंट करा’ दाबूनही ढिम्म काही हलत नाही. अशा वेळी सरळ क्रोम उघडायची रीत आहे. तिथे पान चाललं की दोष फायरफॉक्सचा, असं ठरून जातं. यातलं अर्धं खरं आहे, फायरफॉक्स अडवतो जास्त. पण अडवणारा कोण हे शोधायची सोयही त्याच्यातच सगळ्यात चांगली आहे.

सुरुवात ॲड्रेस बारच्या डाव्या कडेच्या ढालीपासून. २०१९ च्या सप्टेंबरपासून, म्हणजे ६९ व्या आवृत्तीपासून, ही ट्रॅकिंग-रोधक (साइट-साइटवर आपला माग काढणारा मजकूर अडवणारी) ढाल सगळ्यांना आपोआप चालू मिळते. तिचे तीन प्रकार आहेत: स्टँडर्ड, स्ट्रिक्ट आणि कस्टम. घरच्या वापराला स्टँडर्ड पुरे. स्ट्रिक्टमध्ये सोशल मीडियाच्या एम्बेड केलेल्या पोस्ट, कॉमेंटचे डबे, काही व्हिडिओ प्लेअर गायब होऊ शकतात, आणि ते का गेले हे पान सांगतंच असं नाही. ढालीवर क्लिक करून त्या साइटपुरतं संरक्षण बंद केलं की पान आपोआप रीलोड होतं. तरीही जागा पांढरीच राहिली, तर अडवणारी ढाल नव्हे. मग पुन्हा चालू करायला विसरू नका. तो अपवाद यादीत कायम राहतो.

इथे एक फसगत होते. ‘प्रायव्हेट विंडोत उघडून बघा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. फायरफॉक्समध्ये तो निम्मा उलटा पडतो. स्टँडर्ड प्रकारात ट्रॅकिंगचा मजकूर फक्त प्रायव्हेट विंडोत अडवला जातो, साध्या विंडोत नाही. म्हणजे तिथे कडकपणा वाढतो. त्याच वेळी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे जोडप्रोग्रॅम) मात्र बंद असतात, मुद्दाम परवानगी दिली नसेल तर. जुन्या कुकीही (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) नसतात. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर निष्कर्ष कसला काढणार? एक्स्टेन्शनवर संशय असेल तर हेल्प मेनूतला ट्रबलशूट मोड वापरा. तो एक्स्टेन्शन आणि थीम बंद ठेवतो.

खरं हत्यार मात्र नेटवर्क पॅनेल, म्हणजे पानाने मागवलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी. कंट्रोल, शिफ्ट आणि ई एकत्र दाबा, पॅनेल उघडं ठेवूनच पान रीलोड करा (आधी झालेलं त्यात दिसत नाही) आणि ‘ट्रान्सफर्ड’ हा रकाना वाचा. जिथे केबी-एमबीचे आकडे असतात, तिथे अडवलेल्या ओळीपुढे कारण लिहिलेलं असतं. ‘ट्रॅकिंग’ असेल तर ढालीचं काम. एखाद्या एक्स्टेन्शनने अडवलं असेल तर त्याचं नाव दिसतं, उदाहरणार्थ यूब्लॉक ओरिजिन हा जाहिरात-रोधक. क्रोम याच जागी ‘ब्लॉक्ड: अदर’ एवढंच लिहून मोकळा होतो, चार एक्स्टेन्शन असली की एकेक बंद करत बसा.

‘मिक्स्ड ब्लॉक’ दिसलं तर पान एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) आहे, पण त्यातली स्क्रिप्ट किंवा आयफ्रेम (पानातलं दुसरं पान) साध्या, असुरक्षित एचटीटीपीवरून मागवली आहे. २०१३ मधल्या २३ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स हे अडवतो आणि ते योग्यच आहे, कारण वाटेत कुणी ती स्क्रिप्ट बदलली तर अख्खं पान त्याच्या हाती जातं. चित्रांचं वेगळं. ती पूर्वी दिसायची, फक्त कुलपावर खूण यायची. १२७ व्या आवृत्तीपासून चित्राचा पत्ता आपोआप एचटीटीपीएसचा केला जातो आणि त्या सर्व्हरकडे एचटीटीपीएस नसेल तर चित्र फुटकं दिसतं. ‘सीएसपी’ (पानात काय कुठून आणता येईल याचा नियम) दिसलं तर आपल्या सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही. तो नियम साइटनेच पाठवलेला असतो, दुरुस्ती तिथेच व्हायला हवी.

फाँटची भानगड मराठी वाचकांना जास्त छळते. युनिकोडपूर्व काळातल्या काही साइटचा मजकूर अजून जुन्या एन्कोडिंगमध्ये आहे. फाँट उतरला तर मराठी, नाही तर रोमन अक्षरांचा चिवडा. सेटिंग्जमधल्या जनरल भागात फाँटच्या ‘ॲडव्हान्स्ड’ बटणामागे, पानांना स्वतःचे फाँट वापरू द्यायची खूण आहे. ती काढलेली नाही ना, ते बघा. यूब्लॉक ओरिजिनमध्येही बाहेरचे फाँट अडवायचं बटण आहे, चुकून दाबलं जातं. दोन्ही ठीक असतील आणि पॅनेलमध्ये ‘सीओआरएस’ (दुसऱ्या साइटवरून काही मागवायच्या परवानगीचा नियम) दिसत असेल तर पत्त्यातला ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ तपासा. पान त्याच्याशिवाय उघडलं आणि फाँट त्याच्यासकट पत्त्यावरून मागवला, तर ब्राउझरच्या लेखी त्या दोन वेगळ्या साइट. सर्व्हरने उत्तरासोबत परवानगीचं हेडर (सूचनेची ओळ) पाठवलं नसेल तर फाँट अडतो. ॲड्रेस बारमध्ये हाताने ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ घालून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. हे क्रोमलाही लागू आहे.

करसल्लागारांच्या ऑफिसात नेहमीचा प्रश्न म्हणजे जीएसटी पोर्टलवर डीएससीने (डिजिटल प्रमाणपत्राने) सही करताना एमसायनर या सहीच्या प्रोग्रॅमशी जोडणी न होणं. एमसायनर आपल्याच कॉम्प्युटरवर चालतो आणि पान त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर, १५८५ या पोर्टवर (पत्त्यामागच्या दार-क्रमांकावर) बोलतं. एमसायनरचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र ब्राउझरला ओळखीचं नसेल तर जोडणी पार्श्वभूमीतच मरते. पूर्ण पान उघडताना जी इशाऱ्याची पाटी येते, ती इथे येतच नाही. म्हणून एमसायनर चालू ठेवून नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएससह हा पत्ता आणि पोर्ट हाताने टाका, ‘ॲडव्हान्स्ड’ दाबा, धोका स्वीकारून पुढे जा, मग पोर्टलचं पान रीलोड करा. पोर्ट चुकवू नका, फायरफॉक्स अपवाद पत्ता आणि पोर्ट मिळून नोंदवतो. ही सूट स्वतःच्या मशीनच्या पत्त्यापुरतीच. बँकेच्या साइटवर तशीच पाटी आली तर आधी कॉम्प्युटरची तारीख बघा. घड्याळ मागे-पुढे गेलं की चांगली प्रमाणपत्रंही बाद ठरतात.

पॉपअप अडला तर वर पट्टी येते, तिथूनच परवानगी द्या. त्यात फार काही नाही.

दोन तक्रारी. एक, ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ हे बटण फार सहज हाती लागतं. बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, पण एक्स्टेन्शन, साइटना दिलेल्या परवानग्या आणि बदललेल्या सेटिंग्ज सगळं जातं, आणि बिघाड नेमका कशात होता हेही त्याबरोबर पुसलं जातं. दुसरी, अँड्रॉइडच्या आवृत्तीत ढाल आहे पण नेटवर्क पॅनेल नाही. फोनवर अडलेलं पान तपासायचं तर यूएसबी केबलने फोन कॉम्प्युटरला जोडून डेस्कटॉपच्या फायरफॉक्समधून बघावं लागतं, आणि त्याआधी फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करावं लागतं.